वजन कमी करायचंय, म्हणून सकाळी ओट्सच खायचे का?

प्रश्न: मी ३८ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते, सकाळच्या शाळेत शिक्षिका आहे. उंची ५ फूट २ इंच, वजन ७४ किलो. थायरॉइडची गोळी सुरू आहे. दोन महिन्यांपासून पोहे, उपमा, पराठे सगळं बंद केलं आणि रोज सकाळी सव्वासहाला ओट्स खाते. तीन मोठे चमचे ओट्स पाण्यात शिजवून, वरून एक लहान चमचा मध. पहिल्या तीन आठवड्यांत दीड किलो उतरलं, नंतर काटा हललाच नाही. दहाच्या सुट्टीत भूक आवरत नाही. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा ज्वारीच्या कण्या खा. ओट्सने खरंच वजन कमी होतं का? मसाला ओट्स चालतील का? रात्रीही ओट्सच घेतले तर लवकर उतरेल का? आणि आठवीतल्या मुलीचंही वजन जरा जास्त आहे, तिलाही सुरू करू का?

उत्तर:

ताई, ओट्स हा चांगला नाश्ता आहे आणि वजन उतरवताना तो खुशाल खावा. पण ओट्समध्ये चरबी जाळणारं असं काही नाही. वजन उतरतं ते दिवसभरात पोटात गेलेलं आणि अंगाने खर्चलेलं, या दोन्हींच्या हिशोबावर. ओट्स त्या हिशोबात मदत करतात ते पोट भरलेलं ठेवून. तुमच्या बाबतीत ती मदत होतच नाहीये, कारण तुम्ही खाताय ते फार थोडं आहे.

तीन मोठे चमचे म्हणजे जेमतेम २५ ते ३० ग्रॅम ओट्स. मध धरून १२० ते १३० कॅलरी आणि प्रथिनं तीन-चार ग्रॅम. सव्वासहाला एवढ्यावर बाई घराबाहेर पडते, सुट्टीपर्यंत उभ्याने शिकवते, मुलांवर ओरडते, आणि दहा वाजता भूक लागली की स्वतःलाच दोष देते, ‘माझा जिभेवर ताबा नाही.’ यात जिभेचा काय दोष? त्या वेळी भूक लागायलाच हवी.

दहाच्या सुट्टीत काय खाता ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्याकडे शाळेतल्या बऱ्याच बाया येतात, त्यामुळे अंदाज बांधते. कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून समोसा. नाहीतर कुणीतरी घरून आणलेला चिवडा. सोबत दोन चमचे साखरेचा चहा आणि बशीतली दोन बिस्किटं. समोसा आकाराप्रमाणे २५० कॅलरींच्या आसपास, चहा ७०-८०, बिस्किटं ५०-६०. म्हणजे सकाळी पराठा सोडून जे वाचवलं ते दहाच्या सुट्टीत व्याजासकट परत गेलं. मग दीड वाजता घरी पोचेपर्यंत पुन्हा पोटात कावळे, आणि ताटात दोनाऐवजी तीन पोळ्या. वहीत मात्र ‘नाश्ता : ओट्स’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे वजन का अडलं हे कळत नाही.

पहिल्या तीन आठवड्यांतल्या दीड किलोबद्दलही सांगून टाकते. खाणं अचानक कमी केलं की शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा साठा वापरतं, आणि त्याला धरून असलेलं पाणी बाहेर पडतं. सुरुवातीच्या उतारात बराच भाग या पाण्याचा असतो. त्यानंतर काटा मंदावणारच. तुमच्या वयाला, उंचीला आणि शाळेच्या धावपळीला दिवसाचा खर्च साधारण १९०० कॅलरींच्या आसपास येतो. रोज १४५० ते १५०० खाल्लं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरतं. यापेक्षा भराभर उतरवायच्या मागे लागू नका.

आता दुसरं टोक पाहा. मागे एक गृहस्थ आले होते, बँकेत नोकरीला. तक्रार तुमचीच, ‘मॅडम, ओट्स खाऊन वजन वाढलं.’ मी म्हटलं, रोज जसं बनवता तसंच उद्या बनवा, पण प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून लिहून आणा. त्यांची चिठ्ठी अशी होती: शिगोशीग वाटीभर ओट्स, ६० ग्रॅम. म्हशीचं दूध एक पेला, २०० मिली. एक केळं. मध दोन मोठे चमचे. मूठभर बदाम-किसमिस, ३० ग्रॅम. हिशोब मांडला तर ओट्सचे २३०, दुधाचे २१०, केळ्याचे ९५, मधाचे १२०, सुक्या मेव्याचे १३० ते १४०. बेरीज आठशेच्या घरात. चिठ्ठीतली एकही वस्तू वाईट नाही, हीच गंमत आहे. ‘हेल्दी’ म्हणून प्रत्येक गोष्टीचा हात सैल सुटला. ओट्सला स्वतःची अशी फारशी चव नसते, ती आणण्यासाठी माणूस वर काय काय घालत जातो, आणि वजन अडतं ते या वरच्या सामानामुळे. मधाला साखरेतून सूट देणारे लोक मला रोज भेटतात. वजनाच्या हिशोबात मध म्हणजे साखरच.

तेव्हा तुम्हाला मिळणारं उत्तर आणि त्या गृहस्थांना मिळालेलं उत्तर उलटं आहे. त्यांना वाटी रिकामी करायला सांगितली, तुम्हाला भरायला सांगतेय.

ओट्सचं नाव एवढं का झालं, तेही थोडं समजून घ्या, म्हणजे जाहिरातीत काय खरं ते कळेल. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, शंभर ग्रॅममध्ये साधारण चार ग्रॅम. ओट्स शिजताना जो चिकटपणा येतो तो याचाच. पोटात गेल्यावर याची जेलीसारखी दाट लगदी होते, त्यामुळे अन्न जठरातून हळू पुढे सरकतं आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. शिवाय हा तंतू आतड्यातले पित्ताम्ल धरून बाहेर नेतो. ते पुन्हा बनवायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं, म्हणून वाईट कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावर हृदयाबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली ती या गुणामुळे, आणि तिथे अट आहे दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनची. त्यासाठी रोज ७०-७५ ग्रॅम ओट्स लागतात. तीन चमच्यांत यातलं फार तर सव्वा ग्रॅम येतं. आणि नीट वाचलंत तर हा सगळा दावा कोलेस्टेरॉलचा आहे, वजनाचा नाही. पाकिटावर लाल बदाम, बाजूला सडपातळ बाई, आणि वाचणाऱ्याने दोन्ही गोष्टी मनात जोडून घ्यायच्या, अशी ती रचना असते. बाकी वजनावर ओट्सचा स्वतंत्र परिणाम जिथे दिसला तिथेही तो लहानच आहे.

पोट भरण्याच्या बाबतीत मात्र ओट्स खरोखर वरचढ आहेत. सिडनी विद्यापीठात १९९५ साली सुझाना होल्ट यांनी वेगवेगळे पदार्थ सारख्याच कॅलरींचे खायला देऊन कशाने पोट किती भरलेलं राहतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले तर शिजवलेल्या ओट्सना २०९ मिळाले. तुम्हाला हसू येईल, पण पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा होता, ३२३. वजन कमी करायचं म्हटलं की लोक सर्वांत आधी ज्या आलूवर फुली मारतात, तोच. अर्थात उकडलेला, आलूबोंड्यातला नव्हे.

ओट्स कुठले घ्यायचे यावर दुकानात फार गोंधळ असतो. जे दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेले असतात ते स्टील-कट, शिजायला वीस-तीस मिनिटं घेतात आणि साखर सर्वांत हळू वाढवतात. दाणा वाफवून चपटा केलेले ते रोल्ड, पाच-सात मिनिटांत होतात. आणि पातळ लाटून जवळजवळ शिजवूनच ठेवलेले ते इन्स्टंट, गरम पाणी ओतलं की तयार. जितका दाणा मोडला, तितकं पोटाचं काम बाहेरच उरकलं. स्टील-कटचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा) पन्नाशीच्या थोडा वर, तर इन्स्टंटचा पंच्याहत्तरच्याही पुढे, म्हणजे पांढऱ्या ब्रेडच्या पंक्तीत. तुम्हाला पहाटे वेळ नसतो, म्हणून साधे रोल्ड ओट्स घ्या. साहित्यात ‘ओट्स’ या एका शब्दाशिवाय काही लिहिलेलं नसावं.

मसाला ओट्सचं उत्तर इथेच देते. प्रवासात, अडीअडचणीला एखादं पाकीट चालेल. रोजचं नको. हे बहुतेक इन्स्टंट असतात, त्यात माल्टोडेक्स्ट्रिन, साखर, तेल आणि भरपूर मीठ असतं. एका लहान पाकिटात काहीशे मिलीग्रॅम सोडियम सहज निघतं, आणि दिवसभराची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा २००० मिलीग्रॅमची आहे. चव हवी असेल तर घरी फोडणी द्या: जिरं, हिरवी मिरची, कांदा, टमाटर, गाजर, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. वेळ तेवढाच लागतो. ओट्सच्या बिस्किटांबद्दल कुणी विचारलं की मी पाकीट उलटं करायला लावते. साहित्यात पहिलं नाव बहुधा मैद्याचं निघतं.

आता सासूबाईंच्या कण्यांकडे येऊ. सासूबाईंची बाजू मी घेणार आहे. ४० ग्रॅम ओट्समध्ये साधारण १५५ कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम तंतू. ४० ग्रॅम ज्वारीच्या कण्यांमध्ये १३५ कॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम तंतू. वजनाच्या दृष्टीने यात निवडण्यासारखं काही उरत नाही. बीटा-ग्लुकन ज्वारीत नसल्यासारखंच आहे, त्यामुळे कोलेस्टेरॉल जास्त असेल तर ओट्सचं पारडं थोडं जड. तसा तो तंतू जवातही भरपूर असतो, पण जवाचा दलिया खाणारं घर आता शोधावं लागतं. किमतीत मात्र ज्वारीशी बरोबरी नाही. इतवारीतून आणलेली चांगली ज्वारी आणि चकचकीत डब्यातले ओट्स, किलोचा भाव लावून बघा. रात्री कण्या भिजत घाला, सकाळी कुकरला लावा, वरून ताक, जिरेपूड, थोडी जवसाची चटणी. उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर गेला की गरम गोड ओट्स घशाखाली उतरत नाहीत, तेव्हा तर या ताकातल्या कण्याच बऱ्या. आठवड्यातले तीन दिवस ओट्स, दोन दिवस कण्या, असं केलं तरी माझी काही हरकत नाही. सासूबाईही खूश.

उकडपेंडीबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, जणू काही गुन्हा आहे. ज्वारीच्या किंवा गव्हाच्या जाडसर पिठाची, भरपूर कांदा आणि ताक घालून केलेली उकडपेंडी उत्तम नाश्ता आहे. फक्त पीठ भाजायला तेल सुटं सोडायचं नाही. आपल्याकडे पीठ ‘तेल सुटेपर्यंत’ परतायची सवय आहे, आणि मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, ते कुठल्याही धान्यात पडलं तरी. डब्यातून थेट कढईत तेल ओतणं एवढं एक बंद केलंत तरी घरादाराचा फायदा आहे. चमच्याने मोजा.

पोहे तुम्ही का सोडले ते मला ठाऊक आहे. कुणीतरी सांगितलं असेल, ‘पोहे म्हणजे नुसता तांदूळ.’ मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम सुके पोहे, दीड लहान चमचा तेल, कांदा, मटार, थोडे फल्लीदाणे, अशी घरची प्लेट ३०० कॅलरींच्या आसपास बसते. प्रथिनं सहा-सात ग्रॅम. त्यात वाटीभर मोड आलेली मटकी टाकली तर ओट्सच्या गोड वाटीपेक्षा सरस होतात. चौकातला तर्री पोहा ही वेगळी गोष्ट. पोहे तेवढेच, पण वर तर्री, तर्रीवर लाल तवंग, त्यावर शेव, आणि ‘भाऊ, थोडी तर्री अजून.’ हे ५०० च्या पुढे सहज जातं, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या तेलाचा. नागपूरकराला तर्री पोहा सोडा सांगणारा आहारतज्ज्ञ फार दिवस टिकत नाही, म्हणून मी तसं सांगत नाही. रविवारी खा. चना जास्त मागा, वरचा तवंग टाळून खालची तर्री घाला म्हणा, शेव चिमूटभर. त्या दिवशी दुपारचं जेवण थोडं उशिरा आणि हलकं.

नाश्ता केलाच पाहिजे का, असंही बरेच जण विचारतात. ‘नाश्ता चुकवला की वजन वाढतं’ हे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१९ साली मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नाश्ता करणारे न करणाऱ्यांपेक्षा दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्तच खात होते आणि वजनही किंचित जास्त भरलं. म्हणजे भूक नसताना वजन उतरवण्यासाठी म्हणून नाश्ता लादून घेण्यात अर्थ नाही. पण तुम्हाला मी तो सोडायला सांगणार नाही. ज्याचं दुपारचं जेवण बाराला आहे त्याने नाश्ता सोडणं वेगळं आणि पहाटे निघून दीड वाजता जेवणाऱ्या बाईने सोडणं वेगळं. तुमच्यासाठी प्रश्न सव्वासहा ते दीड या सव्वासात तासांचा आहे. एकाच खाण्यात तो सुटत नाही, म्हणून त्याचे दोन भाग करू.

पहाटे सव्वापाचला उठता असं धरते. उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. तंतू असलेलं खाणं, दूध आणि चहा-कॉफी यांनी गोळी नीट शोषली जात नाही. काही जणी ओट्स खाता खाताच गोळी घेतात आणि मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर का जातोय म्हणून डोस वाढवून घेतात. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर ती थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. आणि एक सांगते: टीएसएच ताब्यात असेल तर वजन न उतरण्याचं खापर थायरॉइडवर फोडू नका. रिपोर्ट सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर एकदा करून घ्या, डॉक्टरांना दाखवा.

सव्वासहाला: ४० ग्रॅम रोल्ड ओट्स, घरातल्या काट्यावर एकदा मोजून बघा आणि तो चमचा-वाटी ठरवून टाका. १५० मिली टोन्ड दूध आणि तेवढंच पाणी. मध, साखर, गूळ काही नाही. गोडीला अर्धं सफरचंद किंवा एक संत्रं, फोडी करून. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आपल्या गावात फळाला तोटा नाही, पण रस काढून पिऊ नका, फोडी खा. वर भाजलेल्या जवसाची पूड एक मोठा चमचा. अंडं खात असाल तर एक उकडलेलं बरोबर घ्या. सगळं धरून ४०० कॅलरी आणि १८ ग्रॅमपर्यंत प्रथिनं. अंडं नसेल तर गोड वाटी सोडा आणि ओट्स-मुगाचं धिरडं करा. ३० ग्रॅम ओट्सची पूड, तेवढीच रात्री भिजवलेली मूगडाळ वाटून, आलं, मिरची, सांबार, एक लहान चमचा तेलात दोन धिरडी, सोबत वाटीभर दही. ही धिरडी मला स्वतःला गोड ओट्सपेक्षा आवडतात. फुलवलेल्या बिनचवीच्या खिरीवर आयुष्य काढणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती थोडी.

दहाच्या सुट्टीत: घरून डबा न्यायचाच. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाणे, किंवा लिंबू पिळलेले उकडलेले चणे वाटीभर. फुटाण्यांतून ११० च्या आसपास कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. चहा घ्या, साखर अर्धा चमचा. वाढदिवसाच्या समोशाला रोज नाही म्हणता येत नाही, हे मला कळतं, माझाही जन्म इथलाच आहे. अर्धा घ्या, अर्धा शेजारच्या मॅडमला द्या. त्या वेळी पोटात फुटाणे असतील तर अर्ध्यावर थांबता येतं, उपाशी पोटी नाही.

यात कॅलरी वाढल्या असं तुम्हाला वाटेल. सकाळच्या खाण्यात वाढल्याच. पण सुट्टीतला समोसा-बिस्किटांचा मारा आणि दुपारची तिसरी पोळी गेली की दिवसाची बेरीज खाली येते. दीड वाजता दोन पोळ्या, घट्ट वरण वाटीभर, भाजी दोन वाट्या, काकडी-कांदा. संध्याकाळी साडेपाचची भूक बहुतेक घरात सर्वांत महाग पडते, कारण तेव्हा चिवड्याचा डबा उघडतो आणि त्याला माप नसतं. ताक आणि एखादं फळ आधीच घ्या.

ओट्स नवीन सुरू करणाऱ्यांना गॅस, पोट फुगणं होतं. तंतू एकदम वाढला की होतंच. २५ ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत ४० वर न्या, आणि पाणी वाढवा. गव्हाची ॲलर्जी किंवा सिलिॲक आजार असेल तर साधे ओट्स नकोत, कारण दळताना-भरताना त्यात गहू मिसळतो. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच घ्यावेत आणि तेही डॉक्टरांना विचारून. मधुमेहाची इन्सुलिन किंवा साखर पाडणारी गोळी घेणाऱ्यांनी खाण्याचं प्रमाण परस्पर बदलू नये. रात्री भिजवून ठेवलेले ओट्स खाता येतात, पण आपल्याकडच्या मे महिन्यात ते फ्रीजमध्येच भिजवा. ओट्यावर ठेवलेले सकाळी आंबतात.

रात्री ओट्स घ्यायचं मी सांगणार नाही. दोन वेळा तेच खाऊन सुरुवातीला किलोभर उतरेल, पण त्यात प्रथिनं कमी पडतात, आणि प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही जातात. तुमच्या वजनाला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. रात्री ज्वारीची भाकरी, वरण किंवा झुणका, एक पालेभाजी, असं साडेसात-आठपर्यंत. झुणका तेल मोजून केला तर बेसन हे प्रथिनांचं चांगलं खाणं आहे. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं काहीतरी जोराचं करा. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. चालायला अंबाझरी, फुटाळा गाठायची गरज नाही, गच्चीवर वीस मिनिटं पुरतात.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, तेच कपडे. पाळीच्या आधी किलोभर पाणी साठतं, त्या आठवड्याचा आकडा सोडून द्या. बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबरही मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात, कारण आपल्या लोकांची चरबी पोटावर आधी बसते आणि मधुमेह कमी वजनातही येतो. म्हणूनच बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) रेषाही आपल्यासाठी २३ वर ओढली आहे. तुमचा ३० च्या जवळ येतो. घाबरू नका, एकदम २३ चा विचार करू नका. पहिले चार-पाच किलो गेले की रक्तदाब, साखर आणि गुडघे, तिघांनाही फरक जाणवायला लागतो. तीन आठवडे हे करा. सुट्टीत जे जे तोंडात गेलं ते सगळं वहीत लिहा, बिस्किटाचा तुकडासुद्धा. तरीही काटा हलला नाही तर वही घेऊन जवळच्या आहारतज्ज्ञाकडे जा, म्हणजे नेमकं कुठे सुटतंय ते दिसेल.

मुलीला ओट्स आवडत असतील तर आठवड्यातून एक-दोनदा द्या, दुधात, केळं आणि दाणे घालून. पण वजन उतरवायचं म्हणून नको, आणि तुमचं मोजमाप तिला लावू नका. आठवीतली मुलगी वाढत्या वयाची आहे, उंचीबरोबर वजन आपोआप बसायला वेळ द्यावा लागतो. तिचा काटा, तिची कंबर, तिच्या पोळ्या कुणी मोजू नयेत, आजीनेही नाही. डब्यात पोळी-भाजीच राहू द्या, जोडीला अंडं किंवा चणे. शाळेच्या बाहेरचं पाकिटातलं खाणं आणि गोड थंडपेय घरात येणं बंद करा, म्हणजे तिच्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही. खेळायला रोज तासभर मिळतो का ते बघा. दहावी अजून दोन वर्षांनी आहे. बालरोगतज्ज्ञाकडून तिच्या वयाच्या तक्त्यावर उंची-वजन एकदा बघून घ्या, आणि मानेवर, काखेत काळपट मखमली डाग दिसत असतील तर त्यांना ते मुद्दाम दाखवा.